मान्यताप्राप्त

केळी सोलायच्या दिवशी घरात कागद काढू नयेत असा राऊतांकडे काही नियम नव्हता. पण त्या रविवारी ज्ञानदाने चार कागद काढले आणि दुपारपर्यंत घरातल्या प्रत्येकाच्या बोटांचा चिकटा त्यांना लागला.

डिसेंबरचं ऊन आगाशीच्या वाडीत नुकतं उतरलं होतं. पेंढ्यात पिकवलेली राजेळी केळी ओटीवर ढीग करून ठेवली होती. अंगणातल्या बांबूच्या मांडवावर चटया अंथरून तयार होत्या. केळी सोलायची, मांडायची, आठ दिवस उन्हात राखायची, रोज संध्याकाळी झाकायची, तेव्हा कुठे त्यांची सुकेळी होतात. एवढा खटाटोप आता गावात तीन-चार घरीच उरला होता, आणि राऊतांच्या घरात तो काही चवीपायी टिकला नव्हता. चौदा वर्षांपूर्वी एकनाथने आपल्या वाटणीची वाडी बिल्डरला दिली आणि नालासोपाऱ्यात तुळिंजला झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान टाकलं. तेव्हापासून तो थोरल्या भावाच्या घरी वर्षातून एकदाच येई, सुकेळ्यांच्या दिवशी. मीरावहिनी त्याला बोलावत नसत आणि तो विचारत नसे. भांडण होतंच, पण पिकलेली केळी भांडणासाठी थांबत नाहीत.

"दादा, हा घड अजून एक दिवस हवा होता," एकनाथ केळ्याचं देठ दाबून म्हणाला.

"मग काल येऊन सांगायचं होतंस," सुधाकर म्हणाले.

दोघा भावांचं वर्षभराचं बोलणं बहुतेक एवढंच होई. या वर्षीही एवढ्यावरच भागलं असतं. पण ज्ञानदाने हात पुसले, कागद पाटावर ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बुधवार शेवटची तारीख आहे. आज ठरवायचंय."

"केळी तरी सोलून होऊ दे," मीरा म्हणाल्या.

"केळी बारा वर्षं सोलतेय, आई."

हे ती हसत म्हणाली, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. या घरात सुनेचं हसून बोललेलं कुणी मनावर घेत नसे, आणि रागाने बोलायची तिची पद्धत नव्हती.

प्रकरण साधं होतं. गोखिवऱ्याच्या कारखान्यात ज्ञानदा सहा वर्षं डिस्पॅचचं काम बघत होती. कुठला ट्रक कुठे अडकलाय, कुठल्या चलनावर सही राहिलीय, सगळं तिला तोंडपाठ. दिवाळीनंतर नवे मालक आले. त्यांनी सगळ्यांचे कागद मागवले आणि सांगितलं, ऑफिस मॅनेजरच्या जागेला मान्यताप्राप्त विद्यापीठाची व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी हवी, नसेल तर निदान प्रवेश घेतल्याची पावती तरी. नाहीतर ती जागा मे महिन्यात लागलेल्या मुलीला. चलन कसं भरायचं ते त्या मुलीला ज्ञानदानेच शिकवलं होतं. शनिवारी त्या मुलीने तिला विचारलं, "मॅडम, मी तुमची बॉस झाले तर तुम्हाला वाईट नाही ना वाटणार?" मुलगी मनाची चांगली होती. त्यानेच जास्त लागलं.

आणि ज्ञानदा बारावी. लग्नाच्या बोलणीत सुधाकर स्वतः म्हणाले होते, पुढे शिकवू. एकोणिसाव्या वर्षी ऐकलेला तो शब्द ती एकतिसाव्या वर्षीही विसरली नव्हती.

"नोकरी, घर, पोरीची शाळा, यातून कॉलेजला जाणं होणार नाही," ती म्हणाली. "म्हणून इंटरनेटवरनं होणाऱ्या पदव्या शोधल्या. महिनाभर सायबर कॅफेत बसून चार निवडल्या. दोन आपल्या आवाक्याबाहेरच्या आहेत, त्या बाजूला. राहिल्या दोन. एक मुक्त विद्यापीठाची. तीन वर्षं, धडे इंटरनेटवर, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन. फी कमी. दुसरी—"

"दुसरी ओशनक्रेस्ट," कौस्तुभ मध्येच म्हणाला. "एका वर्षात पदवी. सगळं घरबसल्या, परीक्षासुद्धा. आणि आंतरराष्ट्रीय मान्यता. मी तर म्हणतो, ठरवायचं काय राहिलंय?"

कौस्तुभ सकाळपासून अस्वस्थ होता आणि त्याचं कारण त्याच्या शर्टाच्या खिशात होतं. बायकोला चकित करावं म्हणून शुक्रवारी त्याने ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून ओशनक्रेस्टचा फॉर्म भरून टाकला होता. तेव्हापासून तिथला माणूस दिवसातून तीनदा फोन करत होता. कौस्तुभ वाईट नवरा नव्हता. तीन वर्षं दर परीक्षेला रविवारी डबा कोण करणार, दिशाचा अभ्यास कोण घेणार, याचा हिशेब त्याने मनात केला होता आणि त्या हिशेबालाच तो बायकोची काळजी समजत होता. अशी काळजी करणारे नवरे पुष्कळ असतात.

"घाईचं काम आहे हे," सुधाकर म्हणाले. "एका वर्षात तर केळीला घडही धड येत नाही."

"बाबा, जग बदललंय."

"बदललं असेल. मला एक सांग, मान्यता कुणाची?"

हा प्रश्न येणारच होता. सुधाकरांनी चौतीस वर्षं शाळेत हेडक्लार्क म्हणून काढली होती. शाळेची मान्यता, तुकडीची मान्यता, शिक्षकाची मान्यता, प्रत्येकीसाठी त्यांनी ठाण्याच्या कचेरीत पायऱ्या झिजवल्या होत्या. निवृत्तीला दहा वर्षं झाली तरी दुधाच्या पिशवीवरचा शिक्कासुद्धा ते चष्मा लावून वाचत.

"मान्यता म्हणजे शिक्का नव्हे," ते म्हणाले. "शिक्का बाजारात बनवून मिळतो. उद्या कुणी बोट दाखवलं तर आपल्या मागे कोण उभं राहणार, ती मान्यता."

"हे घ्या, लिहिलंय इथे." कौस्तुभने छापील पान पुढे केलं. "इंटरनॅशनल बोर्ड का कायसंसं. आणि खाली बघा, शासन नोंदणी क्रमांकसुद्धा आहे."

शासन हा शब्द ऐकून सुधाकर जरा नरमले. जन्मभर शासनाचे कागद हाताळलेल्या माणसाचं तसं होतं. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं आणि म्हणाले, "क्रमांक आहे खरा."

ज्ञानदाने सासऱ्यांकडे पाहिलं. ते आपल्या बाजूला आहेत असं तिला आत्तापर्यंत वाटत होतं. आता ते एका क्रमांकापायी तिकडे निघाले होते.

"आई, तुला काय वाटतं?" कौस्तुभने विचारलं.

"मला काय कळतं त्यातलं?" मीरा खाली बघत केळं सोलत राहिल्या. "पण एका वर्षात होतंय तर बरंच की. कागदपत्रांचा त्रास नाही. ते दुसरे फार कागद मागतात म्हणे."

त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, तर कागद कोण मागतं हे बरोबर कसं कळलं, असा प्रश्न कुणाला पडला नाही. एकनाथला पडला. पण वहिनींना काही विचारायची त्याची चौदा वर्षांत टाप नव्हती.

तेवढ्यात कौस्तुभच्या खिशातला फोन वाजला. त्याने तो कापला. पुन्हा वाजला.

"कुणाचा आहे?" ज्ञानदाने विचारलं.

"ऑफिसचा."

"रविवारी?"

कौस्तुभला खोटं नीट बोलता येत नसे. या घरात ती कला एकाच व्यक्तीला साधली होती आणि ती तेव्हा केळी सोलत होती. त्याने चिकट हातानेच फोन काढला आणि सगळं सांगून टाकलं. फॉर्म भरलाय. नाव घातलंय. आज पैसे भरले तर सवलत, उद्या नाही.

"माझं नाव घातलंस? मला न विचारता?" ज्ञानदा म्हणाली.

"तुझ्यासाठीच ना?"

"बारावीचे मार्क काय लिहिलेस?"

"विचारलेच नाहीत."

एकनाथने हातातलं केळं खाली ठेवलं. "काय नाही विचारलं?"

"मार्क, काका. नुसतं नाव, पत्ता, मोबाइल."

"मार्कशीट मागितलं नाही? झेरॉक्सपण नाही?"

"नाही. तेच तर सोयीचं आहे."

"अरे बाबा," एकनाथ म्हणाला, "माझ्या दुकानात पोरं रेल्वेच्या पासाला कन्सेशन घ्यायला येतात, त्यांनापण दोन झेरॉक्स लागतात. आणि हे डिग्री देणार कागद न बघता? आण ते पान इकडे."

तो पान घेऊन उन्हात गेला. चौदा वर्षं रोज हजार कागद यंत्रावर उलटेपालटे केलेला माणूस. जिथे बाकीचे मोठी अक्षरं वाचतात तिथे त्याची नजर तळाच्या बारीक अक्षरांवर जाई, कारण झेरॉक्समध्ये पुसट येतात ती तीच आणि गिऱ्हाईक भांडतं ते त्यावरूनच. त्याने पान तिरपं धरलं, वाचलं आणि हसला. राऊतांच्या अंगणात तो इतका मोकळा किती वर्षांनी हसला होता, ते मीरांना मोजता आलं असतं.

"दादा, हा नंबर कसला आहे सांगू? गुमास्ता."

"म्हणजे?"

"दुकानाचं लायसन. दुकाने आणि आस्थापना. हे बघ, खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय. असला नंबर माझ्याकडेपण आहे, फ्रेम करून गल्ल्याच्या वर लावलाय. माझ्या शेजारच्या वडापाववाल्याकडे आहे. ही शासनमान्य तर मीपण शासनमान्य. देऊ का डिग्री? आत्ता लॅमिनेट करून देतो."

ज्ञानदा हसली, मग सुधाकर हसले. कौस्तुभचा चेहरा मात्र पडला. फोन पुन्हा वाजला, तेव्हा एकनाथने तो त्याच्या हातातून घेतला आणि स्पीकर लावला.

"सर, सीट कन्फर्म करायची ना?" पलीकडचा आवाज म्हणाला.

"करू की. मला एवढंच सांगा, तुमची पदवी सरकारी नोकरीला चालते का?"

"सर, आमची इंटरनॅशनल मान्यता आहे."

"ती झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाची आहे का?"

"सर, त्याची प्रोसेस चालू आहे."

"कधीपासून?"

फोन बंद झाला. पुन्हा वाजला नाही.

"चालू आहे म्हणजे नाही," सुधाकर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. आपण क्रमांकाला भुललो याची त्यांना लाज वाटली होती. पान चौपदरी घडी करून त्यांनी सालींच्या टोपलीत टाकलं. मग भावाकडे न बघता म्हणाले, "एकनाथ, चहा घेशील ना?" एकनाथ घेतो म्हणाला. चौदा वर्षांत थोरल्या भावाने त्याला चहा असा स्वतःहून विचारला नव्हता.

मुक्त विद्यापीठाचा फॉर्म सुधाकरांनी मांडीवर घेतला. आता त्यांना हुरूप आला होता. रहिवासी दाखला नको, हे चालेल, ते चालेल, असं पुटपुटत ते फॉर्मच्या तळाशी आले आणि थांबले.

"बारावीचं मूळ गुणपत्रक. आणि नावात बदल असेल तर प्रतिज्ञापत्र. प्रतिज्ञापत्राचं काही नाही, उद्या वसईला जाऊ, नोटरी माझ्या ओळखीचा आहे. गुणपत्रक कुठाय?"

मीरांच्या हातातलं केळं अर्धं सोललेलंच राहिलं.

"ते पुरात गेलं, बाबा," ज्ञानदा म्हणाली. "सव्वीस जुलैच्या. माझी पेटी खाली होती ना. आई म्हणाल्या होत्या."

"मग दुसरी प्रत काढावी लागेल. वाशीला, बोर्डात. महिना, दीड महिना."

"बुधवार शेवटची तारीख आहे."

"हो."

"म्हणजे पुढचं सत्र. म्हणजे जुलै." तिने बोटांवर काही मोजलं आणि मोजणं सोडून दिलं. "जागा एक तारखेला भरणार आहेत."

ती उठली, सालींच्या टोपलीतून ओशनक्रेस्टचं पान काढलं आणि चौपदरी घडी उलगडून गुडघ्यावर सपाट केलं.

"हे काय करतेस?" कौस्तुभ म्हणाला. "आत्ताच काका म्हणाले ना खोटं आहे म्हणून."

"असू दे खोटं. पावती तर खरी देतील. नव्या मालकांना कुठे गुमास्ता ओळखता येतो?" ती म्हणाली. "यांना निदान माझा एकही कागद नको. ज्ञानदा राऊत म्हटलं की झालं. बाकी सगळ्यांना लग्नाआधीची ती दुसरी पाहिजे, आणि ती माझ्याकडे नाही."

"पोरी, पकडलं गेलं तर आहे ती नोकरीपण जाईल," एकनाथ म्हणाला.

"माहितेय, काका."

ती चटईपाशी गेली, सगळ्यांकडे पाठ केली आणि सोललेली केळी एकेक करून मांडू लागली. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं की ती अशी पाठ करते, हे मीरांना माहीत होतं. बारा वर्षांत त्यांनी ती पाठ तीन-चारदाच पाहिली होती.

मीरांनी ताटात आठ-दहा केळी घेतली. "पलीकडे कॅथरिनकडे देऊन येते," म्हणाल्या आणि कुणी काही विचारायच्या आत मागच्या दाराने बाहेर पडल्या.

केळीच्या ओळींमधून त्या झपाझप चालल्या. स्वतःचा राग येत होता आणि भीतीही वाटत होती, आणि दोन्हीपैकी मोठं काय ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

कौस्तुभसाठी पाहिलेली ही मुलगी त्यांना पाहताक्षणीच आवडली होती. कामाला चपळ, बोलायला गोड, दिसायला नक्षत्रासारखी. आणि नक्षत्रच आडवं आलं. आश्लेषा. मुलीचे वडील हट्टी मास्तर, असल्या गोष्टी न मानणारे. लोकांची जिरवायची म्हणून त्यांनी मुलीचं नावच अश्लेषा ठेवलं होतं. मूळ नक्षत्राची सून सासऱ्याला वाईट आणि आश्लेषाची सासूला, हे मीरांनी लहानपणापासून ऐकलेलं. नुसतं ऐकलेलं नव्हे. त्यांच्या बहिणीच्या नणंदेकडे अशी सून आली आणि तीन महिन्यांत सासू गेली. पुढे वीस वर्षं त्या पोरीला गावाने जगू दिलं नाही. मीरांना मुलगी हवी होती आणि नक्षत्र नको होतं. लग्नात तांदळावर नाव बदलायची रीत आहेच. त्यांनी तांदळात कौस्तुभच्या हाताने ज्ञानदा लिहून घेतलं आणि देवाला म्हणाल्या, ही आता दुसरीच.

पण पेटीत बारावीचा कागद होता. चौधरी अश्लेषा गजानन. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मीरा रक्तदाबाने स्वयंपाकघरात पडल्या आणि दवाखान्यातून आल्या त्या आठवड्यातच त्यांनी तो कागद पेटीतून काढला. फाडायला हात धजावला नाही. शिकल्यासवरल्या पोरीची कमाई ती. घरात ठेवायचं धाडस नव्हतं. मग त्यांना कॅथरिन आठवली. गल्लीपलीकडची, लहानपणापासूनची मैत्रीण. किरिस्तावांच्यात नक्षत्र नसतं. त्या घरात आश्लेषा कुणाला काय करणार? पुढे सुनेने कागद शोधला तेव्हा पूर नुकताच येऊन गेला होता. पुराच्या नावावर तेव्हा गावातलं बरंच काही खपलं.

कॅथरिन अंगणात बोंबील वाळत घालत होती. केळ्यांचं ताट बघून ती उठली.

"मीराबाय, एवढी धाप का लागलीय?"

"तुझ्याकडे एक ठेवायला दिलं होतं मी. आठवतं का?"

"मजकडं निम्म्या गावानं काय काय ठेवायला दिलंय. कुनाचं? नाव सांग."

"माझ्या सुनेचं."

"तुझ्या सुनेचं नाव ज्ञानदा. त्या नावाचं मजकडं काय नाय."

कॅथरिनच्या तोंडावर हसू नव्हतं. मीरांनी ताट पुढे केलं, नाव मात्र घेतलं नाही. कॅथरिनने ताट घेतलं, आत गेली आणि पोरांच्या बाप्तिस्म्याचे दाखले ठेवलेला पत्र्याचा डबा घेऊन आली. तळातून प्लॅस्टिकची पिशवी काढली.

"धा वर्स झाली," ती म्हणाली. "दर नाताळला डबा साफ करते तवा वाटतं, नेऊन द्यावं. पन शब्द दिला होता तुला."

"मला भीती वाटते गं. अजून वाटते."

"आत ये."

"कशाला?"

"ये तर."

आत खाटेवर कॅथरिनची सासू बसली होती. ब्याण्णव वर्षांची. चहात पाव बुडवून खात होती आणि पाव नीट मऊ नाही म्हणून कॅथरिनला नावं ठेवत होती.

"तुझं ते नक्षत्र धा वर्स हिच्या खाटेखाली हाय," कॅथरिन म्हणाली. "सासूला वाईट म्हनतेस ना? मी तर लय आशेनं ठेवून घेतलं होतं. काय झालं का बघ."

मीरांना हसू आलं. पदर तोंडाला लावून त्या हसल्या, आणि हसता हसता कधी रडू लागल्या ते त्यांनाही कळलं नाही. खाटेवरच्या म्हातारीने विचारलं, ही कोण आलीय, आणि ही पाव का नाही खात.

मीरा परतल्या तेव्हा ऊन मांडवावर पूर्ण आलं होतं. सुधाकर फॉर्म मांडीवर घेऊन तसेच बसले होते. एकनाथचा चहा पिऊन झाला होता, पण तो निघाला नव्हता. कौस्तुभ बायकोच्या शेजारी उभा राहून तिला केळी हातात देत होता, आणि ती मांडत होती. ओशनक्रेस्टचं पान तिच्या कमरेला खोचलेलं होतं.

मीरा अंगणाच्या कडेला उभ्या राहिल्या. पिशवी दोन्ही हातांनी धरली होती.

"अश्लेषा," त्या म्हणाल्या.

हाक सुनेपर्यंत पोचली नाही. सुधाकरांनी मात्र झटकन मान वर केली. मीरा एक पाऊल पुढे आल्या.

"अश्लेषा."

चटईपाशी ज्ञानदा केळी मांडत राहिली. शेजारी कुणाला तरी हाक मारताहेत, एवढंच तिला वाटलं. कौस्तुभने तिच्या खांद्याला हात लावला.

"तुला हाक मारतेय आई."

"मला?"

ती वळली. सासूच्या हातातली पिशवी तिने पाहिली. पिशवीच्या आतून बोर्डाचा निळा शिक्का दिसत होता. ती जवळ आली, पण पिशवीला हात लावला नाही.

"हे पुरात गेलं होतं ना?"

"नव्हतं गेलं," मीरा म्हणाल्या. "मी खोटं बोलले. कॅथरिनकडे होतं."

"दहा वर्षं?"

"दहा वर्षं."

ज्ञानदाकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं आणि ते पुढे कित्येक दिवस ती बोलणार होती. राऊतांच्या घरात त्या हिवाळ्यात सुनेचं बोलणं पहिल्यांदाच सगळ्यांनी मनावर घेतलं. पण त्या घटकेला तिच्या तोंडून एकच निघालं.

"तुम्ही मला काय म्हणालात मघाशी?"

मीरांनी नवऱ्याकडे पाहिलं, दिराकडे पाहिलं. कुणी मदतीला आलं नाही. येण्यासारखं नव्हतंच.

"अश्लेषा म्हटलं," त्या म्हणाल्या. "जा, हात धुऊन ये, अश्लेषा. कागदाला चिकटा लागेल."